जुन्या लष्करी ट्रेलरच्या फळ्या दर दोन पावसाळ्यांनी का जातात? नव्या फळ्यांसाठी साहित्य निवडताना

तक्रार साधारण अशी असते. लिलावातून घेतलेला जुना लष्करी ट्रेलर, सांगाडा दणकट, धुरा आणि चाके ठीक, पण हौद्याच्या बाजूच्या फळ्या गेलेल्या. वखारीतून नव्या आणल्या, सुताराकडून बसवून घेतल्या, वरून रंग मारला. दोन पावसाळे गेले आणि सगळ्यात खालच्या फळीत पेचकस खुपसला तर तो आत जातो. मग प्रश्न येतो: साग घ्यायला हवा होता का? प्लाय बरा की सरळ पत्राच मारून टाकावा?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस ट्रेलर न बघता बोलतोय असे समजा. चांगला सागसुद्धा पाणी साठणाऱ्या चॅनलमध्ये (पन्हळीसारख्या लोखंडी पट्टीत) उभा केला तर कुजतो, आणि साधी पाइनची फळी दोन्ही टोके कोरडी राहिली तर अपेक्षेपेक्षा बरीच टिकते. म्हणून आधी जुनी फळी नेमकी कुठून आणि कशाने गेली ते पाहायचे, साहित्य त्यानंतर ठरवायचे. जुन्या फळ्या काढल्या काढल्या चुलीत घालू नका. खडूने त्यांच्यावर "डावी खालची", "मागची वरची" असे लिहून ओळीने जमिनीवर मांडा.

जुनी फळी वाचायची कशी

लाकूड तपकिरी पडून चौकोनी ढेकळांसारखे तुटत असेल आणि हे फक्त टोकांना किंवा खालच्या कडेला असेल, तर ती बुरशी आहे. तिला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा सतत लागतो. फळीचा मधला भाग टणक आणि टोके मऊ असतील तर लाकूड वाईट नव्हते, टोकाशी पाणी अडकत होते. महागडे लाकूड आणून हा दोष जात नाही.

बोल्टच्या भोवती निळे-काळे वर्तुळ आणि भोक सैल झालेले दिसले, तर टॅनिन (लाकडातला तुरट आम्लधर्मी पदार्थ) आणि लोखंडाची ओलाव्यातली झटापट समजा. बाभूळ आणि ऐन यांत टॅनिन भरपूर. साधा काळा बोल्ट ओल्या बाभळीत गंजतो आणि गंजताना भोवतालचे लाकूडही कमकुवत करतो. दोन-तीन वर्षांनी बोल्ट बारीक, भोक मोठे आणि फळी खडखडते.

पांढरट लाकडात टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा. तो गाभ्याला सहसा हात लावत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडातल्या स्टार्चवर जगतो. म्हणजे वखारवाल्याने पांढरे लाकूड खपवले आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी; ती फळीत जन्मत नाही, ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभा राहिला आणि जमिनीतून वाट मिळाली म्हणून आली.

प्लायचे थर कडेने पुस्तकासारखे उघडले असतील तर डिंक चुकीचा होता. फळी द्रोणासारखी वळली असेल तर ओले लाकूड बसवले होते, किंवा रंग फक्त बाहेरून दिला होता, किंवा दोन्ही. आणि फळी दोन बोल्टांच्या रेषेत उभी चिरली असेल, तर दोष बोल्ट बसवण्याच्या पद्धतीत आहे. त्याचे पुढे येईल.

आधी पाणी बाहेर काढा

ट्रेलरवर पाणी अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: उभे खुंट ज्या खाचांत उतरतात त्या खाचांचा तळ, खालच्या फळीला आधार देणारा वर तोंड केलेला चॅनल, आणि फळी व अँगल यांच्यामधली कागदाएवढी फट. तिसरी जागा सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना चिकटले की पाणी फटीत ओढले जाते आणि ऊन पडले तरी आठवडाभर सुकत नाही.

उपाय स्वस्त आहेत. खाचांतला वर्षानुवर्षांचा चिखल खरवडून काढा. तळ बंद असेल तर १२ मिमीचे भोक पाडा. चॅनलला दर ३०० मिमीवर १० ते १२ मिमीचे भोक, आणि दोन्ही टोकांना एकेक हवेच. भोक पाडून झाल्यावर त्याच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. फळी चॅनलच्या तळावर टेकू देऊ नका, १० मिमी वर ठेवा. फळी आणि अँगल यांच्यामध्ये फक्त बोल्टच्या जागी ३ मिमी जाडीची रबराची चकती घाला. जुन्या टायरचे किंवा कन्व्हेयर पट्ट्याचे रबर चालते. काही जण अँगलच्या पूर्ण लांबीला रबराची पट्टी चिकटवतात. तसे करू नका, पट्टी स्वतःच ओलावा धरून ठेवते.

खालच्या १० मिमी फटीतून वाळू किंवा धान्य गळते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आतून ७५ मिमी रुंदीची रबरी झालर फक्त वरच्या कडेला पट्टी आणि स्क्रूने धरा, खालची कड मोकळी सोडा. माल गळत नाही, पाणी मात्र निघून जाते.

एवढे केल्यावर साहित्य निवडायला अर्थ आहे.

किती लागेल आणि वजन किती वाढेल

हिशेबासाठी एक हौदा धरू: आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद, बाजू १८ इंच उंच. तुमचे माप वेगळे असेल. टेप लावा आणि तिन्ही मापे दोन-दोन ठिकाणी घ्या, कारण जुन्या ट्रेलरचा सांगाडा क्वचितच काटकोनात असतो. ६ इंच रुंद फळ्या, चारही बाजूंना तीन-तीन: एकूण ७८ धावते फूट. रंधा मारून २५ मिमी जाडी हवी असेल तर सव्वा इंचाची कापलेली फळी घ्यावी लागते. ते ४ घनफुटांच्या किंचित वर जाते. गाठी, चिरा, टोके यांची १५ टक्के घट धरा आणि वखारीत ५ घनफूट सांगा.

त्याच हौद्याला, उभे अँगल सोडून, निव्वळ बाजूंचे वजन साधारण असे येते:

- साग, २५ मिमी: ६० किलो
- बाभूळ, २५ मिमी: ७२ किलो
- ऐन, २५ मिमी: ८० किलो
- प्लाय, १८ मिमी: ४५ किलो
- लोखंडी पत्रा, २ मिमी: ५७ किलो, ३ मिमी: ८५ किलो
- अ‍ॅल्युमिनियम चेकर पत्रा, ३ मिमी: ३० किलोच्या थोडे वर

पत्र्याच्या आकड्यात आडवे-उभे टेके धरलेले नाहीत. ते धरले की २ मिमी पत्रा लाकडाएवढाच जड होतो.

दुसरा आकडा वाकाचा, आणि तो बहुतेक जण काढतच नाहीत. १८ इंच वाळू भरली की सगळ्यात खालच्या फळीवर दर मीटर सुमारे ३० किलोचा बाजूचा दाब येतो. उभे अँगल ६०० मिमी अंतरावर असतील तर २५ मिमी सागाची फळी पाव मिलिमीटर वाकते, म्हणजे काहीच नाही. अंतर १२०० मिमी केले की वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो: ४ मिमी. त्याच १२०० मिमीवर १८ मिमी प्लाय १८ मिमीच्या आसपास फुगतो, आणि हे ट्रेलर उभा असताना. खड्ड्यात आदळल्यावरची गोष्ट वेगळी. म्हणून प्लाय बसवायचा असेल आणि अँगल लांब लांब असतील, तर मध्ये एकेक अँगल वाढवा. जाड प्लाय घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

लाकूड

मूळ रूप जपायचे असेल तर लाकडाला पर्याय नाही, आणि कामाचा ट्रेलर असला तरी लाकडाची एक गोष्ट कुणाकडे नाही: एक फळी फुटली तर तेवढीच बदलता येते, तीही गावातल्या सुताराकडून.

साग पहिला, पण गाभ्याचा. आलापल्ली-बल्लारशाह भागातल्या जुन्या झाडांचा साग आणि परदेशातून येणारा लागवडीचा कोवळा साग यांना एकच नाव असले तरी टिकण्यात फरक पडतो. कोवळ्यात पांढरा भाग जास्त, आणि पांढरा साग पावसात आंब्याच्या लाकडापेक्षा फार वेगळा वागत नाही. फळी विकत घेताना टोकाकडून बघा, तोंडाकडून नाही. पांढरी पट्टी रुंदीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर ती फळी बाजूला. पट्टी थोडी असेल तर फळी अशी लावा की ती कड वर येईल आणि कोरडी राहील. झाडाचा मधोमधचा बिंदू ज्या फळीत आला आहे ती घेऊच नका, ती चिरणारच. वखारीचे बिल जपून ठेवा. लांबून लाकूड आणत असाल तर वाहतूक परवान्याची चौकशी निघण्याआधी करा.

बाभूळ विदर्भ-मराठवाड्यात बैलगाडीला पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती उगाच नाही. धक्का खाते, घासून झिजत नाही, गाभा टिकाऊ. तिचा त्रास असा की आठ फुटांची सरळ, बिनगाठीची बाभळीची फळी मिळणे नशिबाचा भाग आहे, आणि मिळाली तरी वाळताना पिळते. पाच फुटांच्या पुढच्या बाजूला आणि उभ्या लाकडी खुंटांना बाभूळ उत्तम. लांब बाजूंना तिच्या नादी लागू नका. पांढरा भाग पूर्ण काढून टाका, भुंगा तिथेच येतो.

ऐन आणि किंजळ कोकण-सह्याद्री पट्ट्यात मिळतात. टणक, जड, खालच्या फळीला चांगले, पण टोकाला चिरतात. कापल्या दिवशीच टोकांना जाड रंग किंवा मेण फासले नाही तर अर्धा फूट वाया जातो. कोकणात फणस मिळत असेल तर जरूर विचारा: वजनाला सागाच्या आसपास, गाभा चांगला टिकतो. निलगिरी पिळते. आंबा फक्त तात्पुरत्या कामाला. "मलेशियन साल" हे बाजारातले नाव आहे. त्या नावाखाली वेगवेगळी लाकडे येतात, तेव्हा नावावर न जाता वजन, रेषा आणि पांढरा भाग पाहून निर्णय घ्या.

खोक्यांची पाइन स्वस्त असते. बिनप्रक्रियेची पाइन दोन पावसाळ्यांचीच. दाबाखाली तांबेयुक्त औषध भरलेली पाइन मात्र चांगली चालते, फक्त त्या औषधाने साधा जस्ताचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाल्ले जातात, म्हणून स्टेनलेस किंवा गरम बुडवून जस्त चढवलेले बोल्टच वापरा. अमेरिकेत राहून दीड टनी एम-१०५ए२ सारखा ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यांना हीच पाइन सगळ्यात सहज मिळते. दुकानातून ती ओली येते. बसवण्याआधी काड्या घालून सुकवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पट्ट्यांमध्ये बोट जाईल. आर्सेनिक असलेल्या औषधाची फळी चारा किंवा धान्य वाहणाऱ्या ट्रेलरला नको, आणि तिचे तुकडे कधीही जाळू नका.

ओलाव्याबद्दल थोडे सविस्तर, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे. बसवताना फळीत १२ ते १५ टक्के ओलावा हवा. मीटर नसेल तर फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापा (टोकाचा नको, तो आधीच सुकलेला असतो), वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवून वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत सुकवा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १५ टक्के. भागाकार सुक्या वजनाने करायचा, ओल्या नव्हे. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड १८-२० टक्क्यांवर जाते, मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ८ च्या आसपास येते. या फरकात १५० मिमी रुंदीची सागाची फळी साडेतीन मिलिमीटर आणि ऐनाची पाच मिलिमीटरपर्यंत रुंदीत कमी-जास्त होते. म्हणून दोन फळ्यांमध्ये ६ ते ८ मिमी फट ठेवायची. फट न ठेवता घट्ट बसवलेल्या फळ्या पावसात एकमेकींना ढकलतात, आणि मग बोल्ट वाकतो किंवा फळी फुटते. लांबीत लाकूड जवळपास हलत नाही, तिकडची काळजी नको.

ओली फळीच मिळाली तर सावलीत, दर ६०० मिमीवर इंचभर जाडीच्या काड्या घालून रचा. कोरड्या हंगामात दोन-तीन महिने तरी लागतात. जूनच्या तोंडावर वखारीत जाऊन आठवड्यात फळ्या बसवायच्या, हा बेत रद्द केलेलाच बरा.

प्लाय

वाहनाच्या बाजूंना आयएस (भारतीय मानक) ७१० चा मरीन प्लाय किंवा आयएस ४९९० चा फिल्म चढवलेला शटरिंग प्लाय, एवढेच दोन विचारात घ्या. आयएस ३०३ चा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) दर्जा घरातल्या कपाटाचा आहे. शिक्क्यावर विश्वास ठेवण्याआधी दुकानातून हातभर तुकडा मागा, त्यातून दोन इंचांचे चौकोन कापा आणि आठ तास उकळत्या पाण्यात ठेवा. मरीन प्लायची मानकातली कसोटी ७२ तास उकळण्याची आहे. आठ तासांत थर सुटले तर शिक्का काहीही असो, माल परत. कापलेल्या कडेत आतल्या थरांमध्ये पोकळ्या दिसत असतील तरी परत, कारण बोल्ट नेमका पोकळीत आला की चुरगळतो.

वर धरलेल्या हौद्याला ८ × ४ फुटांचे दोन शीट पुरतात: एकातून दोन लांब बाजू, दुसऱ्यातून पुढची बाजू आणि फाळका (मागची उघडणारी बाजू). बाहेरच्या थराची रेषा नेहमी आडवी, अँगलपासून अँगलकडे जाईल अशी. उभी ठेवली तर तोच प्लाय बराच जास्त वाकतो.

प्लाय मरतो तो कडेने. शटरिंग प्लायच्या कारखान्यातल्या कडा बंद असतात, तुम्ही कापलेल्या नसतात. प्रत्येक कापलेल्या कडेला आणि भोकाला पातळ इपॉक्सीचे तीन हात, पहिला पूर्ण पिऊन गेला की दुसरा. वरच्या कडेवर पत्र्याची उलटी यू पट्टी बसवायची तर आत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून. खालच्या कडेला अशी पट्टी मुळीच नको, ती पाण्याची पन्हळ बनते.

उरण-पनवेल पट्ट्यात मोडीत निघालेल्या कंटेनरच्या जमिनीचा २८ मिमी प्लाय कधीकधी मिळतो. उष्ण प्रदेशातल्या जड लाकडाचा, फार मजबूत. पण दर चौरस मीटर २० किलोच्या वर जातो आणि त्यात कीटकनाशक भरलेले असू शकते. सामान, यंत्रे, विटा वाहणाऱ्या ट्रेलरच्या तळाला उत्तम. बाजूंना जड, आणि चाऱ्याच्या ट्रेलरला अजिबात नको.

पत्रा, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक

खडी, मुरूम, विटा हाच रोजचा माल असेल तर लाकडाचा हट्ट सोडा, २ मिमी पत्रा आणि दर ६०० मिमीवर अँगल. १.६ मिमी पत्रा पहिल्याच खेपेला पोचे खातो आणि रिकाम्या ट्रेलरला ढोलाचा आवाज येतो. पत्र्याचा शत्रू दुमडलेली कड. तिथे तुकड्या-तुकड्यांनी वेल्डिंग केले तर मधल्या फटीतून गंज येतो, म्हणून कड एक तर पूर्ण वेल्ड करा, नाहीतर पूर्ण उघडी ठेवा.

अ‍ॅल्युमिनियम हलके, पण लोखंडी सांगाड्याला सरळ टेकवले की समुद्राजवळ वर्षभरात बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती, लोखंडावर इपॉक्सी प्रायमर, आणि स्टेनलेस बोल्टलाही नायलॉनची बाही. एवढी शिस्त पाळणार नसाल तर वाटेला जाऊ नका.

प्लास्टिकच्या फळ्या कुजत नाहीत, हे खरे. मात्र पुनर्वापराच्या प्लास्टिकचा ताठपणा सागाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा असतो, आणि उन्हात भरलेल्या मालाखाली त्या हळूहळू वाकून तशाच राहतात. शिवाय ८ फुटांची फळी पहाट आणि दुपारच्या फरकात १०-१५ मिमी लांब-आखूड होते. गोल भोकात घट्ट आवळलेली अशी फळी धनुष्यासारखी फुगणारच. लावायचीच तर मधले एक भोक गोल, बाकीची आडवी लांबट, अँगल ४०० मिमीवर. फर्निचरच्या डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या) बोर्डाचा विचार सोडून द्या. तो धक्क्याने तडकतो आणि स्क्रू धरत नाही.

बहुतेक शेतकऱ्यांच्या मिश्र वापराला आमच्या मते मिश्र साहित्यच बरे: सगळ्यात खाली गाभ्याचा साग किंवा ऐन, वर शटरिंग प्लायचे १२ इंची पट्टे. खालची फळी घासते, भिजते आणि बदलावी लागते. वरचे पट्टे कुणी हातही न लावता चालत राहतात.

बोल्ट

जुन्या अमेरिकी-ब्रिटिश धाटणीच्या ट्रेलरवर भोके बहुधा ३/८ इंचाची असतात, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. एम१० चा बोल्ट त्यात जात नाही आणि एम८ ढिला राहून भोक लांबट करतो. एकतर ३/८ चाच बोल्ट आणा, नाहीतर सगळी भोके १०.५ मिमी करून घ्या. निम्मे असे आणि निम्मे तसे ठेवू नका. रस्त्यात पाना शोधताना त्रास तुम्हालाच होतो.

गोल डोक्याचा, चौकोनी मानेचा बोल्ट घ्या. डोके हौद्याच्या आत, नट बाहेर, म्हणजे फावडे अडत नाही. २५ मिमी फळी, रबर आणि अँगल धरून ५० मिमी लांबी पुरते. कडक लाकडात मान ठोकण्याआधी भोकाचे तोंड थोडे मोठे करा, नाहीतर फळी तिथेच चिरते. आपल्या हौद्याला, प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना दोन आणि मधल्या प्रत्येक अँगलवर एक (लांब बाजूला असे तीन अँगल, आखूड बाजूला दोन) असे धरून, ७८ बोल्ट लागतात, ९० आणा. नट नायलॉनच्या कड्याचे.

फळी बोल्टांच्या रेषेत चिरण्याचे कारण: टोकाशी एकावर एक दोन बोल्ट घट्ट, फळी रुंदीत आक्रसायला जागा नाही. अशा जोडीत वरचा बोल्ट नेमक्या भोकात, खालच्यासाठी अँगलमधले भोक १३ मिमी आणि त्यावर रुंद वायसर. दोन बोल्टांमधले अंतर ८० मिमीच्या आसपास ठेवले की एवढी मोकळीक पुरते.

दुकानातल्या चकचकीत बोल्टवरचा जस्ताचा थर केसाहूनही खूप पातळ असतो, एक-दोन पावसाळ्यांचा. घाटावर गरम बुडवून जस्त चढवलेले, कोकणात स्टेनलेस. बाभूळ आणि ऐनासाठी कुठेही स्टेनलेसच.

बसवण्याआधी

क्रम असा: कापणे, भोके पाडणे, मग रंग, मग जोडणी. जोडणी करून रंग देणे हीच सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण अँगलमागचा भाग आणि टोके कोरी राहतात. फळीच्या सहाही बाजूंना प्रायमरचा एक हात, टोकांना तीन. भोकात ब्रश किंवा कापडाचा बोळा फिरवून आतून. त्यानंतर दोन हात इनॅमल. टोकाकडून बघून फळीची साल-बाजू (झाडाच्या सालीकडची) ओळखा आणि ती अँगलकडे ठेवा; फळी थोडी वळली तरी कडा अँगलला टेकून राहतात.

काळे तेल फासण्याची पद्धत जुनी आहे आणि वाईट आहे. ते बुरशीला फारसे अडवत नाही, धूळ धरते, पुढे कुठलाही रंग त्यावर बसत नाही आणि चाऱ्याला लागते. जवसाचे तेल कोरड्या भागात ठीक; कोकणात त्यावर काळी बुरशी चढते. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

रंगाबद्दल एक इशारा. जुना लष्करी हिरवा रंग पुन्हा द्यायचा मोह होतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेवतो. रस्त्यावर काढायचा ट्रेलर असेल तर दुसरा रंग निवडा.

फाळका

फाळक्याला वेगळा विचार लागतो, कारण तो वाकतो, आपटतो आणि कधी चढ-उतारासाठी फळकूट म्हणून वापरला जातो. नुसत्या फळ्या बिजागऱ्यांच्या पट्ट्यांवर ठोकलेला फाळका वर्षभरात तिरका होतो. ३५ × ३५ × ५ चा अँगल चारही बाजूंनी चौकट म्हणून, आत फळ्या किंवा १८ मिमी प्लाय, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी जायला भोके. साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या कड्यांच्या. एक कडी कमी-जास्त झाली की सगळा भार एका बिजागरीवर येतो.

वजनावर लक्ष ठेवा. एका धुऱ्याच्या ट्रेलरवर मागे ४० किलो वाढवले की दांड्यावरचा भार कमी होतो आणि वेगात शेपूट हलायला लागते. दांड्यावर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा असावा. घरचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा दांड्याखाली ठेवून, ट्रेलर सपाट जागी सामान्य उंचीला धरून, हे रिकाम्या ट्रेलरवरही तपासता येते.

जीपचा पाव टनी ट्रेलर असेल तर

बँटम धाटणीच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमागच्या) छोट्या ट्रेलरचा हौदा मुळातच पत्र्याचा, ७२ × ४६ इंचांचा आणि तळाला पाणी सोडायची बुचे असलेला. तिथे फळ्या लावायच्या त्या उंची वाढवायला, आणि तिथे वजन सगळ्यात आधी बघायला हवे. कच्च्या रस्त्यावरची त्याची क्षमता ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. एक फूट उंचीसाठी १८ मिमी प्लाय २३ किलो, २५ मिमी साग ३० किलो, ३ मिमी पत्रा ४३ किलो. पत्रा लावला की जवळपास पाचवा हिस्सा माल भरण्याआधीच संपला. इथे १२ मिमी शटरिंग प्लाय आणि जवळ जवळ खुंट हेच योग्य. हौद्याच्या वरच्या गोल कडेला भोके पाडू नका. खुंट बाहेरून पट्टीने धरा.

नव्या फळ्या बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, मग मे महिन्यात एकदा, लाकूड सगळ्यात सुके असताना. पावसाळ्यात सैल वाटला म्हणून नट आवळत राहू नका. दसऱ्याच्या सुमारास खालच्या फळीच्या दोन्ही टोकांना पेचकस टोचून पाहा आणि चॅनलची भोके तारेने मोकळी करा.